बर्फातलं फूल आणि गडग्यावरचा अंकोल

प्रश्न : मी गुहागर तालुक्यात राहते. गेल्या वर्षी डिसेंबर ते मार्च मुलीकडे न्यू जर्सीला होते. फेब्रुवारीत सगळीकडे बर्फ, झाडांवर नावाला पान नाही, आणि अशात एका बागेत बारीक पिवळ्या पाकळ्यांच्या झुपक्यांनी भरलेलं झुडूप दिसलं. मुलीने नाव सांगितलं, विच हेझल. तिच्या अंगणातही थोड्या थोड्या दिवसांनी काहीतरी बदललेलं असायचं. परत आले तेव्हापासून आमचं परस मनाला येत नाही. माड, पोफळी, कलमं, बारा महिने नुसतं हिरवं. माझं विचारणं तीन गोष्टींचं आहे. विच हेझल इथे लावता येईल का? मुलगी रोप नाहीतर बी आणायला तयार आहे, शिवाय इंटरनेटवर बियांची जाहिरातही पाहिली. दुसरं, मुलगी तोंडाला लावते त्या बाटलीवरही हेच नाव आहे, ते याच झाडाचं का? आणि तिसरं म्हणजे आमच्या यजमानांनी शिमग्याआधी परस साफ करायचं काढलंय. गडग्यालगतचा अंकोल नुसता काट्यांचा सांगाडा झालाय, बदाम रोज पातेरा पाडतो, पांगारा उगाच जागा अडवून उभा आहे. हे तोडून पेव्हर ब्लॉक घालायचे आणि कडेने क्रोटन लावायचे असं त्यांचं म्हणणं. गडी पुढच्या आठवड्यात येणार आहे. काय करू?
परसातली, गुहागर

ताई, आधी घाईचं काम. गड्याला आजच निरोप द्या की अंकोलाला कोयती लावायची नाही. निदान शिमगा होईपर्यंत तरी नाही. न्यू जर्सीत तुम्ही जे पाहिलंत त्याच्या सगळ्यात जवळ जाणारं झाड तुमच्याच गडग्यावर उभं आहे, आणि यजमान नेमके तेच तोडायला निघालेत. ते का, ते पुढे सांगते. पण क्रमाने घेऊ.

विच हेझल तुमच्याकडे फुलणार नाही. कुंडीत, सावलीत ठेवून रोज लाड केलेत तर एखादं वर्ष पानं धरून राहीलही, पण फुलाची आशा सोडा. या झाडाच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन फांदीला चिकटून बसतात आणि निजतात. त्यांची झोप मोडायला कित्येक आठवडे चांगली थंडी लागते, ० ते ७ अंशांच्या आसपासची. तेवढी थंडी भोगून झाली की मग जराशी ऊब मिळताच फूल उघडतं. रत्नागिरीची जानेवारीतली पहाट साधारण १८-१९ अंशांवर येते आणि तेवढ्यावर आपण कानटोप्या काढतो. विच हेझलच्या लेखी तो उन्हाळाच. (कुंडी फ्रीजमध्ये ठेवायची कल्पना डोक्यात आली असेल तर तीही सोडून द्या.)

झाड थंडी मोजतं हे कोकणातल्या माणसाला मी काय सांगायचं म्हणा. हापूसचं कलमही तेच करतं, फक्त त्याचा हिशेब आपल्या हवेशी जुळलेला. नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री गार झाल्या तर मोहोर. थंडीने दगा दिला तर त्याच डोळ्यांतून मोहोराऐवजी पालवी बाहेर पडते, आणि मग घरोघरी बागायतदारांचे चेहरे बघवत नाहीत. ‘यंदा थंडी कशी आहे?’ हा प्रश्न आपल्याकडे तब्येतीसाठी कोणी विचारत नाही. तो मोहोरासाठी असतो.

तुम्ही पाहिलंत ते झुडूप बहुधा संकरित असणार. फेब्रुवारीत फुलणारी, बागांतून हौसेने लावलेली बरीचशी विच हेझल चिनी आणि जपानी जातींच्या मिलाफातून आलेली आहेत. त्यातलं एक फार नावाजलेलं वाण बोस्टनच्या अर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानातलं. तिथे १९२८ साली चिनी विच हेझलचं बी गोळा करून रुजवलं, आणि रोपं मोठी झाल्यावर लक्षात आलं की जपानी झाडाचा पराग मध्ये आलेला आहे. आई चिनी, बाप जपानी, जन्म बोस्टनचा. त्यातून निवडलेल्या पिवळ्या फुलांच्या झाडाला ‘अर्नोल्ड प्रॉमिस’ म्हणतात. अमेरिकेचं स्वतःचं, तिथल्या पूर्वेकडच्या रानातलं विच हेझल मात्र निराळं. ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पानं गळत असतानाच फुलतं. तुम्ही डिसेंबरात पोहोचलात, म्हणजे तुमची त्याची चुकामूक झाली.

पुन्हा जाल तेव्हा त्याचं फूल जवळ जाऊन बघा. पाकळ्या मोजून चार, अरुंद, लांबट, चुरगळल्यागत. कडाका वाढला की त्या गुंडाळून आत जातात आणि ऊन पडून हवा उबदार झाली की परत उलगडतात, म्हणूनच बर्फातही हे फूल आठवडेच्या आठवडे टिकतं. तेव्हा सकाळच्या गारठ्यात जाऊन ‘काल तर छान होतं, आज मेलं’ असं म्हणू नका. उन्हाच्या दिवशी दुपारी जा, वासही तेव्हाच येतो. अमेरिकी जातीची तर आणखी तऱ्हा. तिचं परागीभवन शरदात होतं, पण फळ धरायची क्रिया पुढच्या वसंतापर्यंत थांबून राहते. त्या थंडीत तिच्याकडे जाणाऱ्यांत काही निशाचर पतंग आहेत, जे उडायच्या आधी अंग थरथरवून स्वतःला गरम करून घेतात. बोंड पिकायला पुढचा शरद उजाडतो, आणि ते फुटलं की बी दहा मीटरपर्यंत उडतं. या उडणाऱ्या बियांकडे मी परत येणार आहे.

बाटलीचं उत्तर सोपं आहे. हो, तेच झाड, बहुतेक अमेरिकी जात. त्याच्या फांद्या आणि साल उकळून, वाफेचं पाणी करून ते अर्क काढतात. कातडी आकसून घेण्याचा गुण त्यात आहे. तिथले मूळ रहिवासी पूर्वापार सूज-खरचटण्यावर त्याचा काढा वापरत आलेत, धंदेवाल्यांनी तो मागाहून उचलला. तुमच्या-माझ्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जी पॉन्ड्सची पावडर नि क्रीम आली, त्या पॉन्ड्सची सुरुवात १८४६ साली न्यूयॉर्क राज्यात विच हेझलच्या अर्कानेच झाली होती. म्हणजे झाड नवं असलं तरी ओळख जुनी निघाली. मुलीची बाटली मुलीलाच राहू द्या, तुम्हाला हवी असेल तर ती दुकानात मिळते, त्यासाठी झाड लावायला नको.

आता तुमची खरी तक्रार. ‘बारा महिने नुसतं हिरवं.’ ताई, तुम्ही घरी नव्हतात ते महिने कोणते? डिसेंबर ते मार्च. किनाऱ्यावरच्या परसात वर्षभरातली सगळ्यात मोठी उलथापालथ याच महिन्यांत होते. पानगळ, नवी पालवी, ओक्याबोक्या फांदीवरची फुलं, मोहोर, सगळं यात येतं. तुम्ही परतलात तेव्हा सगळ्यांची पानं परत आलेली होती. आणि घरी असतो तेव्हाही आपण काय करतो? या दिवसांत परसातलं जे जे बदलत असतं त्याला पातेरा, सुकं लाकूड, जळण अशी नावं देऊन आवरून टाकतो. उरतं ते हिरवं. ते हिरवं खरंच कंटाळवाणं आहे, त्यात तुमचं काही चुकलं नाही.

अंकोलाकडे या. आज तो सांगाडा दिसतोय हे बरोबर. फांदीची साल नखाने जराशी खरवडा, खाली ओली हिरवी रेघ दिसेल. यजमानांनाही दाखवा. साधारण फेब्रुवारीत, पानं गळून गेलेल्या जागी, काट्यांच्या बगलेत बारीक, लांबट, मऊ लव असलेल्या कळ्या झुपक्याने उभ्या राहतात. पेराएवढ्या. सगळ्या एकदम उघडत नाहीत. टोकाकडून चिरतात आणि पाकळ्या सोललेल्या केळ्याच्या सालीसारख्या पार देठाकडे मागे वळतात. त्याही अरुंद, पट्टीएवढ्याच, पांढऱ्या-साईच्या रंगाच्या, फुलागणिक पाचापासून दहापर्यंत. पाकळ्या मागे गेल्या की मधला केसरांचा पिवळट झुपका उघडा पडतो. पान एक नाही, फांदी अंगभर फुललेली. सकाळी लवकर गेलात तर गोड वास येईल, आणि तुमच्या आधी मधमाश्या आणि शिंजीर तिथे पोहोचलेले असतील. आता सांगा, बर्फ वगळला तर न्यू जर्सीत यापेक्षा वेगळं काय होतं? पानाविना फांदी, अरुंद वळलेल्या पाकळ्या, दुसरं फारसं काही फुललेलं नसताना आलेलं फूल. कुळाने दोघांचा काही संबंध नाही, हेही सांगून टाकते, नाहीतर मुलगी इंटरनेटवर शोधून मला खोटी पाडेल. विच हेझलच्या कुळातलं झुडूप भारतातल्या रानात बघायचं तर काश्मीरकडे किंवा ईशान्येकडे जावं लागेल.

फुलांचा भर ओसरला की अंकोलाला पालवी येते आणि उन्हाळ्यात जांभळट-काळी फळं धरतात. मुलं खातात, बुलबुल त्याहून जास्त खातात. मुळीच्या, सालीच्या औषधी गुणांच्या गोष्टी गावात ऐकायला मिळतील, पण स्वतःच्या मनाने काही उगाळून घेऊ नका.

मग गड्याला काय काम द्यायचं? भरपूर आहे. अंकोलाभोवतीची घाणेरी आणि रानमोडी मुळासकट काढायला लावा. माझा अंदाज, तुमचा अंकोल आजवर डोळ्यांत भरला नाही तो त्या गचपणामुळेच. पडवीत किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या राहा आणि तिथून तो सबंध दिसतो का बघा, मध्ये येणारं तेवढंच काढा. विच हेझल लावणारे लोक एक गोष्ट कटाक्षाने पाळतात : झुडूप घरातून किंवा जाण्यायेण्याच्या वाटेवरून दिसेल असं, आणि मागे काहीतरी गडद. फिकं फूल मोकळ्या आभाळावर हरवतं. तुमच्याकडे जांभ्याचा गडगा आहेच, त्याच्या काळपट तांबड्यावर पांढरं फूल उठून दिसेल. मागे एखादी रातांब्याची झाडोरी असेल तर आणखी चांगलं. अंकोलाला आकार द्यायचाच असेल तर फुलं गेल्यावर, पालवी फुटता फुटता छाटा. आता छाटलंत तर यंदाच्या कळ्याच तोडाल.

बदामाच्या बाबतीत यजमानांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. पातेऱ्यात फुरसं, म्हणजे तो छोटा विषारी साप, बसतं. रत्नागिरी जिल्ह्यात राहून ही भीती कोणाला उगाच वाटत नाही. तेव्हा खळं, पडवीची कड, विहिरीची वाट, न्हाणीकडची पाऊलवाट रोज लख्ख झाडलेलीच हवी. संध्याकाळनंतर बॅटरी आणि काठी घेतल्याशिवाय परसात उतरायचं नाही, आणि गडग्याच्या फटीत किंवा पातेऱ्यात उघडा हात घालायचा नाही, गड्यानेही नाही. पण म्हणून झाड कशाला तोडायचं? पातेरा लोटून घरापासून लांबच्या माडापोफळींच्या आळ्यांत टाका. फेब्रुवारीपासून ऊन चढतं, विहिरीचं पाणी उतरतं, तेव्हा आळ्यावरचा वीतभर पातेरा शिंपण्याची एक पाळी सहज वाचवतो. कुजला की खत होतं. काडी लावून देऊ नका, त्या धुराने परसातलं काही सुधारत नाही. पावसाआधी पन्हळी मात्र साफ करून घ्या, बदामाचं पान मोठं आणि चिवट, पन्हळ तुंबवायला चार पुरतात.

आणि तो पातेरा होण्याआधी बघा तरी! बदामाची पानं गळायच्या आधी पिवळी, शेंदरी, मग गर्द लाल होतात, एकाच फांदीवर तिन्ही. सकाळी उन्हाच्या उलट्या बाजूला उभं राहून पाहिलं तर पानातली शीर न्‌ शीर दिसते. मुलीकडे लोक पानांचे रंग बघायला गाड्या काढून डोंगरांत जातात, हॉटेलं भरतात. आपल्याकडे तोच रंग खळ्यात येऊन पडतो आणि आपण खराटा शोधतो. पाठोपाठ नव्या पानांचे रंग सुरू होतात. आंब्याची तांबूस पालवी तर आहेच, आणि मार्चच्या सुमारास रानाकडे एखादी फेरी मारलीत तर कोशिंब सापडेल, अख्खं झाड लालभडक आणि फूल एक नाही, सगळी पालवीच. थंड मुलखात पान मरताना रंगतं, आपल्याकडे बदामासारखे थोडे सोडले तर पान जन्मताना रंगतं. हे एकदा ध्यानात आलं की कुठल्या महिन्यात कुठे बघायचं ते कळायला लागतं.

पांगारा ‘उगाच’ उभा नाही, थोडं थांबा. फेब्रुवारी-मार्चात तो बिनपानाचाच लालबुंद होतो आणि त्यावर मैना, कावळे, बुलबुल, शिंजीर यांची जी भांडणं चालतात त्यापुढे टीव्ही बंद करावा. पळसमैनांचा थवा आला तर तुमचं नशीब. शिवाय त्याच्या खोडावर मिरीचा वेल चढवता येतो. यजमानांना हिशेब आवडत असेल तर हा मुद्दा त्यांच्यासाठी राखून ठेवा. फार पसरला असेल तर फुलं संपल्यावर, पावसाच्या तोंडावर फांद्या उतरवा. त्याच फांद्या कुंपणाला खुंट म्हणून रोवल्या की रुजतात, विकत काही आणायला नको.

आता थोडं लावायचं. थंड देशात विच हेझलच्या पायाशी कंदांची बुटकी फुलं लावायची रीत आहे, वर आणि खाली एकदम बहर. अंकोलाच्या पायाशी आपणही कंद लावू, पण आपला मेळ एकदम न साधता एकापाठोपाठ साधतो, आणि मला तो जास्त आवडतो. भुईचाफ्याचे कंद कोणाकडून तरी मिळवा. गावात जुन्या घरांतून असतात, मागितले तर कोणी नाही म्हणत नाही. ऐन उन्हाळ्यात, जमीन कोरडी ठणठणीत असताना, पानाचा पत्ता नाही आणि थेट मातीतून पांढरं-जांभळं सुवासिक फूल वर येतं. पानं त्याच्यामागून. जागा विसरून त्यावर पाय पडतो म्हणून कंद लावला तिथे चार चिरे मांडून ठेवा. मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या सरींच्या आसपास, मे फ्लॉवरचे लाल गोंडे. मग मृग लागला की पावसाळी लिली, पाऊस पडून दोन-चार दिवस झाले की गुलाबी-पांढरी फुलं एकदम. या तिघांनाही हिवाळ्यात पाणी घालायचं नाही. त्यांना निजू द्या.

नवीन झाड एकच लावायचं झालं तर माझं मत अंजनीला. सड्यावर, देवराईत तुम्ही पाहिली असेल. उन्हाळ्यात फांद्यांना चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ लागतात आणि तसा निळा रंग आपल्याकडे फार थोड्या झुडपांना असतो. जांभ्याच्या जमिनीत, कमी मातीत भागवते. वाढ मात्र सावकाश, पहिली काही वर्षं ‘हिला काही होतंय का’ असं वाटेल. रोप बाजारात सहज मिळत नाही, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत चौकशी करून बघा, नाहीतर ओळखीच्या झाडाखालचं पिकलं फळ आणून जूनमध्ये पिशवीत पेरा. सुरंगीचा मोह मलाही होतो. फेब्रुवारी-मार्चात जुन्या फांद्यांवर ती फुलते तेव्हाचा वास काय वर्णावा! वेंगुर्ला, शिरोडा भागातले तिचे गजरे कोणाला माहीत नाहीत? पण ते मोठं झाड, बियांपासून फुलांपर्यंत बरीच वर्षं खाणारं. जागा असेल तर नातवंडांच्या नावाने लावा. सातवीण घराजवळ लावू नका, कोणी कितीही भरीस घातलं तरी. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री तिचा वास दूर रानातून आला तर छान, खिडकीतून आला तर डोकं उठतं.

पावसाळ्याबद्दल मी फार सांगत नाही, त्या चार महिन्यांत कोकणातल्या परसाला माळी लागत नाही. एकच काम करा. तेरडा गडग्याच्या कडेने येऊ द्या, तण म्हणून उपटू नका. गौरीला तो लागतोच, आणि त्याचा रंग तीन दिवस हे खरं असलं तरी झाड महिनाभर फुलत राहतं. गौरी-गणपती आटोपले की त्याची पिकलेली बोंडं शोधा. फुगलेलं, फिकट पडलेलं बोंड दोन बोटांत अलगद धरायचं. ते हातातच फुटतं, साल झटकन आत वळते आणि बिया टिचकी मारल्यागत उडतात. विच हेझल बी फेकतं ते याच तऱ्हेने, ताण साठवून. फक्त तिथे बोंड लाकडासारखं कठीण असतं आणि वाळता वाळता बी चिमटून बाहेर टाकतं, म्हणून ते लांब जातं. नातवंडं सुटीत आली तर त्यांना तेरडा दाखवा आणि विच हेझलचं सांगा. त्यांनी तिकडे गेल्यावर शरदात ते शोधून तुम्हाला व्हिडिओ पाठवावा असं ठरवून टाका, हा सौदा वाईट नाही.

पेव्हर ब्लॉकबद्दल स्पष्ट सांगते, सबंध परसभर नकोत. पाणी मुरायचं थांबतं, आणि मुरलेलं पाणी तुमच्याच विहिरीत जातं. शिवाय एप्रिल-मेमध्ये त्यावर अनवाणी चालून दाखवावं कोणीतरी. यजमानांना चिखलाचा त्रास होत असेल, आणि तो होतोच, तर पडवीपासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून न्हाणीपर्यंत चिऱ्यांची दोन हात रुंद पाखाडी करून घ्या, उतार काढून. त्यावर पातेराही लगेच दिसतो आणि फुरसंही. शेवाळ धरलं की पावसाळ्यात एकदा खरखरीत झाडूने घासायचं, एवढंच. क्रोटनशी माझं वैर नाही. पाखाडीच्या कडेला चार लावू द्या त्यांना, म्हणजे अंकोलाबद्दलची बोलणी सोपी जातील. पण क्रोटन जानेवारीत जसा, तसाच जुलैत, आणि तुमची तक्रार नेमकी तीच होती.

ता. क. बियांचं राहिलं. मुलीला सांगा, बॅगेत रोप किंवा बी घालून आणू नकोस. परदेशातून झाडं, बियाणं आणायला आयात परवाना आणि तिकडचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, २००३ च्या वनस्पती विलग्नवास (प्लांट क्वारंटाइन) आदेशानुसार. एका हौसेपायी विमानतळावर उलटतपासणी कशाला. इंटरनेटवरच्या जाहिरातीला तर एक पैसा देऊ नका. बी खरोखर विच हेझलचंच निघालं तरी त्याला आधी काही महिने ऊब, मग काही महिने फ्रीजमधल्यासारखी थंडी, असं दुहेरी चक्र काढावं लागतं, आणि रुजायला दोन वर्षंही लागू शकतात. तोवर विकणारा दुकान गुंडाळून गेलेला असेल.